डमीचं लगीन

भात कापून शेतात पडलेलं असलं की मी आभाळावर विश्वास ठेवत नाही. दिवाळी उलटलेली असते, सकाळी बांधावरून चालताना पाय दवाने भिजतात, शेकोटीचा धूर वर जायचं सोडून खालीच रेंगाळतो, सगळं कसं सुरळीत चाललेलं असतं. आणि नेमका तेव्हाच माहुली गडाच्या बाजूला एखादा करडा ढग उगाच थांबलेला दिसतो. काम काही नाही आणि तरी थांबलाय, त्याच्यावर आधी नजर ठेवावी, हा माझा नियम ढगांना लागू आहे आणि माणसांनाही. घरात याला ‘सुमनची शंका’ म्हणतात. म्हणोत बापडे. माझी शंका खोटी ठरली असं अजून फारसं घडलेलं नाही.

आमचं गाव शहापूरहून डोळखांबकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी इथली सून, माहेर मुरबाड तालुक्यातलं, सिद्धगडच्या पायथ्याजवळचं. बी.ए. झाले आणि शिवणाच्या मशीनवर बसले. गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगाची मापं मला पाठ आहेत, आणि माप घेताना माणूस किती बोलतं ते शिंपिणीलाच ठाऊक. कुणी श्वास रोखून धरतं, कुणी खांदे पाडतं, कुणी म्हणतं, “जरा ढिला ठेवा.” मी टेप गळ्यात अडकवते आणि मनात म्हणते, का बरं ढिला?

यंदा कापणी निम्म्यावर आली असताना तो सिनेमा मोबाईलवर आला. काही वर्षांमागे आमच्या खळ्यावर ज्याचं शूटिंग झालं होतं, तो. गावात ज्याच्या त्याच्या हातात तोच. तरुण पोरं विरुद्ध समाज, अशी त्याची गोष्ट. शेवटी पोरगा-पोरगी डोंगरावर पळतात आणि मागून समाज काठ्या घेऊन धावतो. त्या समाजात चौथ्या रांगेत मी आहे, हिरव्या लुगड्यात. काठी मला दिली नव्हती, खोटं कशाला बोला. पण ती गर्दी बघताना मला त्या हंगामातला पेंढ्याचा वास जसाच्या तसा आला, आणि त्या वासामागून बाकीचं सगळं आलं.

त्या वर्षीही असंच भात कापून पडलं होतं. एके सकाळी दोन गाड्या आल्या आणि काळे चष्मे घातलेली माणसं आमच्या खळ्याभोवती फिरायला लागली. खळं नुकतं शेणाने सारवलेलं, कडेला भाऱ्यांची उडवी रचलेली. त्यांना ती उडवी फार आवडली. म्हणाले, चार दिवस झोडणी करू नका, हे असंच राहू द्या, मागे दिसायला सुंदर आहे. सासूबाई हातातला खराटा खाली न ठेवता म्हणाल्या, “आन पाऊस आला तं? आभाळ काय तुमच्या बापाचं हाय?” तो चष्मेवाला हसला. त्याला वाटलं म्हातारी गमतीशीर आहे. म्हातारी अजिबात गमतीत नव्हती.

तरीही हो म्हटलं गेलं, कारण माझा धाकटा दीर किरण मधे पडला. किरण आसनगावला गोदामात कामाला जातो, कापणीला रजा टाकतो. तो म्हणाला, आई, ताडपत्री मी घालतो, होऊ दे. किरण सहसा कशात मधे पडत नाही. माझ्या मनात तिथेच पहिली पाल चुकचुकली.

मग गावाला कामं वाटली गेली. लुगडी कमी-जास्त करायला मला मशीनसकट खळ्यावर बसवलं. बाकी सगळे झाले ‘समाज’, आणि गर्दी कमी पडली की मीही. टोपी घातलेला एक पोरगेला साहेब कर्णा घेऊन ओरडायचा, “समाज, थोडा पीछे! समाज, हसायचं नाही!” आमच्या चुलत सासऱ्यांना आयुष्यात कुणी ‘थोडा पीछे’ म्हटलं नव्हतं, पण समाज झाल्यावर तेही सरकले. एकदा टोपीवाला म्हणाला, आता दोघांकडे संशयाने बघा. आणि सगळ्या गावाने असं काही बघितलं की दुसऱ्यांदा घ्यावंच लागलं नाही. टोपीवाला खूश. म्हणाला, क्या नॅचरल आहे यार! मला मेलीला हसू आवरेना.

सिनेमातली नायिका गोरीपान होती. तिला गावची पोर दाखवायची म्हणून रोज सकाळी रंग लावून सावळी करत. रंग बरोबर जमला की नाही हे बघायला मेकअपवाली वैशालीचा हात नायिकेच्या हाताशेजारी धरायची. वैशाली वरच्या ठाकूरवाडीची. तिच्या आईबरोबर दरवर्षी आमच्याकडे कापणीला यायची. उंचीलाही ती नायिकेएवढी भरली. म्हणून दिवे लावताना, कॅमेरा मांडताना नायिकेच्या जागी वैशालीला बसवायचे. नायिका तोवर गाडीत गारव्याला. नायकाच्या जागी किरण. यांना त्यांच्या भाषेत ‘डमी’ म्हणतात. डमीने काही करायचं नसतं, नुसतं बसायचं. उजेड त्याच्यावर पडतो, फोटो दुसऱ्याचा निघतो.

वैशालीचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा माझ्या माहेरच्या बाजूचा, सिद्धगडाखालच्या वाडीतला. झोडणी झाली की लग्न, असा तिच्या बापाने, पांडूदादाने, शब्द दिला होता. वैशाली तेव्हा शहापूरला नर्सिंग शिकत होती आणि शिकणं अर्ध्यात होतं. सासरचे म्हणाले होते, आता पुरे, घरात माणूस पाहिजे. लग्नाचं पोलकं शिवायला माझ्याकडेच टाकलं होतं. माप द्यायला आली तेव्हा मी विचारलं, “गळा कसा ठेवू गो?”

“कसापन ठेवा.”

“बाही?”

“वहिनी,” ती म्हणाली, “घाई नाय हां शिवायची.”

लग्नाचं पोलकं आणि घाई नाही! मी टेप गुंडाळत तिच्याकडे बघितलं. ती उडवीकडे बघत होती. उडवीच्या पलीकडे किरण ताडपत्री बांधत होता. आता तो तिथे होता म्हणून ती तिकडे बघत होती, की ती बघत होती तिथे तो योगायोगाने होता, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला नाही.

लग्नाचं दृश्य शेवटच्या दिवशी होतं. दिग्दर्शकाला सगळं खरं पाहिजे होतं, म्हणून कुणीतरी बायजाआजीला बोलावून आणलं. आमच्या भागात लग्नाला भटजी असतो, मंत्र होतात, सगळं होतं, पण त्याआधी धवलारीण धवला गाते. म्हणजे जुनी लग्नाची गाणी, नवरा-नवरीचं नाव गुंफलेली, त्यांचं गाव, त्यांचे देव. धवला पुरा झाला की लगीन लागलं, असं जुनी माणसं मानतात. भटजींचं त्यापुढचं काम मान द्यायपुरतं. बायजाआजीच्या धवल्यावर इथल्या तीन पिढ्या संसाराला लागल्या आहेत. तिला कानाने कमी ऐकू येई, डोळ्यांनी त्याहून कमी.

सकाळ सरत आलेली. मांडव आंब्याच्या टहाळ्यांचा, अगदी खरा. हळदीच्या अक्षता आधीच समाजाच्या मुठीत देऊन ठेवलेल्या. पाटांवर डमी बसलेले. आता खरं सांगते, मला खटकलं ते एवढंच, की पाटावर बसायच्या आधी किरण विहिरीवर जाऊन पाय धुऊन आला. दिवे लावायला बसायचं तर पाय कशाला धुवायचे? चिखलाचे पाय दिव्यांना चालत नाहीत का?

टोपीवाला बायजाआजीच्या कानाशी वाकून ओरडला, “आजी, आवाज बघायचाय. काहीतरी गा!”

आजी म्हणाली, “कायतरी कसा गाऊ? नाव पायजे.”

“कुठलंही घे!”

आजीने मान पुढे काढून पाटावर बघितलं. किरणला ती लहानपणापासून ओळखत होती, त्याला विचारायची गरज नव्हती. तिने पोरीला विचारलं, “तुजा नाव काय गो, बाय?”

“वैशाली,” ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याने.

आणि आजीने धवला धरला. पहिल्या दोन ओळींना लोक हसले. मग हसणं कमी झालं. त्या आवाजात काय आहे ते मला सांगता येत नाही. तो ऐकत ऐकतच इथल्या बायका मोठ्या होतात, आणि तो सुरू झाला की हातातलं काम आपोआप थांबतं. माझी मशीन थांबली. सावरीच्या झाडावरचे कावळे तेवढे बोलत होते. टोपीवाला खूण करत होता, बस, बस झालं, पण आजीला ते दिसत नव्हतं. शेवटच्या ओळीला आवाज चढतो, नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, आणि त्या जागेवर अक्षता टाकायच्या, हे इथल्या पोराटोरांच्याही हाताला ठाऊक असतं. कुणीतरी पहिली मूठ टाकली. मग सगळ्या समाजाचे हात उठले. पिवळे तांदूळ दोघांच्या डोक्यावर, खांद्यावर, पाटाभोवती.

“अरे तांदूळ नाही! तांदूळ आत्ता नाही!” टोपीवाला नाचायला लागला.

पण त्याच्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. काय होऊन बसलं ते एकेकाच्या तोंडावर उमटत गेलं. कुणब्याचा पोर, ठाकराची पोर, पूर्ण धवला, गावासमोर अक्षता. सासूबाईंनी मुठीतले उरलेले तांदूळ पदराला पुसले. पांडूदादा मागे उभा होता, तो तसाच वाडीच्या वाटेला लागला. नायिका गाडीतून उतरून आली आणि म्हणाली, “सो क्यूट!” तिला बिचारीला काय माहीत.

तिथून पुढचे दिवस मला नीट आठवतात ते आवाजांवरून. खळ्यावर भारे आपटल्याचा आवाज, आणि मधेच तो थांबला की समजायचं, कुणीतरी विषय काढलाय. सिनेमात दाखवलाय तसा समाज काठ्या घेऊन बिलकुल धावला नाही. आमचा समाज एवढा सरळ असता तर आणखी काय पाहिजे होतं! इथे काठीची गरज पडत नाही. इथे बाई पाणी भरताना हळूच विचारते, “तुमच्या किरणला ठावं व्हता काय गो?” आणि उत्तर न ऐकताच हंडा उचलते. जो तो दुसऱ्यावर संशय घेत होता. कुणी म्हणे म्हातारीला फूस होती. कुणी म्हणे पोरांचं आधीपासून होतं. मी मुरबाडची, म्हणून तिकडची सोयरीक मोडायला मीच हे केलं, असंही एका शहाणीने काढलं. पहिली मूठ कुणाची, यावर तर दोन भावक्या बोलेनाशा झाल्या. मी बायजाआजीला एकदा गाठून विचारलं. ती म्हणाली, “धवला मदीच तोडत नाय. येवढा मला ठावं.”

मुरबाडकडून निरोप आला. धवला झालाय, अक्षता पडल्यात, लागलेल्या लग्नाची पोरगी आम्हांला नको. त्यावर पांडूदादा आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, “लागला आसंल तं पोरीला घरात घ्या. नसंल लागला तं मुरबाडला येऊन तसा सांगा. मदी नका ठेवू माज्या पोरीला.”

सासूबाई दारातून म्हणाल्या, “लागला नाय. सिनेमा व्हता तो. डमीचा लगीन लगीन आसतंय व्हय?”

“मंग चला मुरबाडला.”

“आमी कशाला येवू? आमचा काय जातंय?”

किरण ओटीवर बसला होता. सगळं ऐकत होता. त्याच्या बोटांत पेंढ्याची एक काडी होती, ती त्याने मोडून मोडून एवढीशी केली. मोठ्यांनी त्याला विचारलं होतं, तुझं काय? तो म्हणाला होता, तुम्ही म्हणाल ते. मला त्याचा असा राग आला होता! पाय धुवायला आठवतं आणि तोंड उघडायला आठवत नाही.

तर मुरबाडवाले म्हणत राहिले, लागलं. आम्ही म्हणत राहिलो, नाही लागलं. दोन्हीकडचे नियम आपापल्या जागी ठाम. आणि त्या दोन नियमांच्या मधे बोटभर फट राहिली. लोक हळहळत होते, पोरीचं वाटोळं झालं, ना इकडची ना तिकडची. ती पोर गुपचूप त्या फटीतून बाहेर पडली, सकाळची एसटी धरून शहापूरला गेली आणि राहिलेलं शिक्षण पुरं करून आली. पोलकं माझ्याकडेच राहिलं, कापलेलं, न शिवलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की ही फट आपोआप पडली की कुणी पाडली? पण विचारणार कुणाला.

हंगाम येत गेले. बायजाआजी गेली. किरणला स्थळं यायची आणि परत जायची. मुलगा चांगला आहे हो, पण ते डमीचं काय झालं होतं, असं विचारायचे. सासूबाई आधी चिडायच्या, मग समजवायच्या, मग गप्प व्हायच्या. वैशालीला सरकारी नोकरी लागली, मुरबाड तालुक्यातल्याच एका आरोग्य उपकेंद्रात, कायम. ही बातमी आमच्याकडे आली ती यंदाच्या कापणीत. त्याच आठवड्यात तो सिनेमा आला, आणि सिनेमात बायजाआजीचा आवाज जिवंत होता. नावं तेवढी दुसरी घातली होती.

सासूबाईंनी माझ्या मोबाईलवर तो धवला तीनदा ऐकला. मग सुपातलं भात पाखडता पाखडता म्हणाल्या, “कायपन म्हण सुमन, बायजाचा धवला वाया जायाचा नाय.”

मी हातातला भारा खाली ठेवला. “म्हणजे?”

“म्हंजी लागला व्हता तो. देवाच्या घरी लागलाच व्हता. आपुनच उगा नाय म्हटला.”

देवाचं घर इतके हंगाम बंद होतं आणि सरकारी नोकरीची बातमी आल्याबरोबर उघडलं, हे मी बोलले नाही. पण माझ्या तोंडावर ते आलं असावं, कारण सासूबाईंनी सूप जोरात झटकलं. दुसऱ्या दिवशी पिशवीत नारळ आणि साडी घालून त्यांनी मला माहेरच्या निमित्ताने पाठवलं. किरण भारे वाहत होता. त्याने पिशवीकडे बघितलं आणि पुढचा भारा उचलला.

किन्हवलीवरून सरळगावपर्यंत दोन्ही बाजूंना कापलेली शेतं होती. एसटीच्या खिडकीतून पेंढ्याचा तोच वास येत होता, आणि सिद्धगड एका जागी उभा राहून बघत होता. वैशाली उपकेंद्राच्या पडवीत बाळांची वजनं करत होती. पांढरे कपडे, केस घट्ट बांधलेले. मला बघून ती हसली, मग तिचं लक्ष पिशवीकडे गेलं आणि हसू आटलं. बायका गेल्यावर तिने मला खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसली. मी निरोप सांगितला. आडवळणाने सांगणार होते, पण तिच्यासमोर जमेना.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “तवा लागला नव्हता ना, वहिनी?”

“नव्हता म्हणालो आम्ही.”

“मंग आता कसा लागला? मला नोकरी लागली म्हणून लगीन लागला?”

मी पिशवी खाली पायरीवर ठेवली. इतक्या वर्षांची माझी शंका जिभेवर आली. म्हटलं, “एक खरं सांग. त्या दिवशी आजीने नाव विचारलं, तेव्हा तुला समजलं नव्हतं का काय होईल ते?”

“समजला व्हता. टोपीवाल्यानी सांगून ठेवला व्हता, कोनी विचारला तं सिनेमातलाच नाव सांगायचा.” ती पायरीवरचं वाळलेलं पान उचलून बाजूला टाकत म्हणाली. “पन मी माजा सांगितला. मुरबाडला जायाचा नव्हता मला. बाला सांगून झाला व्हता, आईला सांगून झाला व्हता. मंग धवल्यालाच सांगितला.”

“आणि किरण?”

“किरण चांगला हाय. तवापन माज्या मनात व्हता, खोटा नाय बोलत. पन तो ओटीवर बसून राह्यला.” तिने पायरीवरची पिशवी उचलली. “वहिनी, मुरबाडच्यांनी बाला विचारला. सिनेमावाल्यांनी माजी उंची विचारली. तुमी गळा विचारला. आता तुमच्या सासूबाईनी नारळ धाडला. मला अजून कोनी विचारलाच नाय, तू येतीस काय म्हणून.” तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. “घेऊन जावा.”

मी परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि खळ्यावर झोडणी चालू होती. किरण भारा डोक्यावरून फिरवून फळीवर आपटत होता, भुसा उन्हात उडत होता. सासूबाईंनी पिशवी बघितली आणि ओळखलं. तरी विचारलं, काय म्हणाली? मी ती म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं, मोठ्याने, भाऱ्यांच्या आवाजावरून ऐकू जाईल एवढ्याने. ओटीचंसुद्धा सांगितलं.

किरणने हातातला भारा पुरा झोडला. मग तो पेंढ्यात टाकला, डोक्यावरचा भुसा झटकला, कुंपणावरचा सदरा ओढून घेतला आणि बटणं लावत लावतच रस्त्याकडे चालायला लागला. मुरबाडकडे जाणारी एसटी यायची वेळ झाली होती.

“यो कुठं चालला काम टाकून?” सासूबाई म्हणाल्या.

“विचारायला,” मी सांगितलं.

त्यांचं सूप थांबलं. तो रस्त्याला लागेपर्यंत त्या त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. “आन नाय म्हणली तं?”

“तर नाही,” मी म्हटलं.